पॅसिव्ह हाऊससाठी इन्सुलेशन कसं निवडायचं? ठाणे-नवी मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगला, रो-हाऊस किंवा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असलेल्या लोकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरातले आकडे आपल्या दमट-उष्ण हवेसाठी आहेत. पुण्याच्या किंवा नाशिकच्या घराला ते जसेच्या तसे लावू नका.

१. पॅसिव्ह हाऊस म्हणजे नक्की काय? ते थंड देशातलं प्रकरण आहे ना?

सुरुवात थंड देशातच झाली. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९१ च्या सुमारास पहिलं पॅसिव्ह हाऊस राहतं झालं आणि १९९६ मध्ये तिथेच पॅसिव्हहाऊस इन्स्टिट्यूट स्थापन झाली. निकष थोडक्यात असे: घर गरम किंवा थंड करायला वर्षाला दर चौरस मीटरमागे सुमारे १५ युनिट ऊर्जा पुरली पाहिजे (दमट प्रदेशात हवेतला ओलावा काढण्यासाठी थोडी जादा सूट मिळते). शिवाय ५० पास्कल दाबाच्या चाचणीत घरातून तासाला आतल्या एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा गळता कामा नये.

आपल्याकडे घर गरम करण्याचा प्रश्नच नाही. आपला झगडा छतावरच्या उन्हाशी आणि बाहेरून आत शिरणाऱ्या ओलाव्याशी आहे. म्हणून जर्मन पुस्तकातलं तत्त्व घ्यावं, जाडी आणि थरांचा क्रम मात्र घेऊ नये. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

२. यू-व्हॅल्यू, आर-व्हॅल्यू, के-व्हॅल्यू... दुकानदार प्रत्येक जण वेगळंच सांगतो. बघायचं काय?

के-व्हॅल्यू हा मटेरियलचा गुण आहे, त्यातून उष्णता किती सहज वाहते ते सांगणारा. मीटरमधली जाडी भागिले के म्हणजे त्या थराची आर-व्हॅल्यू, म्हणजे त्याने उष्णतेला केलेला विरोध. सगळ्या थरांचे आर आणि दोन्ही पृष्ठभागांवरच्या हवेचा थोडासा विरोध यांची बेरीज करून १ ला त्या बेरजेने भागलं की यू-व्हॅल्यू मिळते, म्हणजे सगळ्या थरांतून मिळून उष्णता किती जाते ते. यू जितका कमी तितकं चांगलं.

कामापुरते के-व्हॅल्यूचे आकडे: आरसीसी १.५८, वीटकाम ०.६ ते ०.९८, एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेलं हलकं काँक्रीट) ०.१६ ते ०.१८, रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) ०.०३५ ते ०.०४४, ईपीएस (थर्माकोल) ०.०३५ ते ०.०३८, एक्सपीएस (थर्माकोलचाच टणक, बंद पेशींचा भाऊ) ०.०२८ ते ०.०३४, पीयूएफ आणि पीआयआर (पॉलियुरेथेन जातीचे फोम) ०.०२२ ते ०.०२८. विक्रेत्याने याहून फारच भारी आकडा सांगितला तर आयएस ३३४६ पद्धतीने केलेल्या चाचणीचा अहवाल मागा. त्यातही चाचणी कुठल्या तापमानाला झाली ते पहा, कारण तापमान वाढलं की के-व्हॅल्यूही वाढते.

३. बजेट मोजकंच आहे. आधी छत की भिंती?

छत. त्यानंतर खिडक्यांवरची सावली, मग पश्चिमेची भिंत आणि उरलेल्या भिंती सगळ्यांत शेवटी.

आपण १९ अंश अक्षांशाच्या आसपास आहोत. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन गच्चीच खाते. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येतं ते मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, आणि तेही साध्या छज्जाने अडतं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, ते छज्जाला जुमानत नाही. तिथे उभी जाळी, बाहेरचा पडदा किंवा वेल हवा. काचेतून आत आलेलं ऊन भिंतीतलं कुठलंही इन्सुलेशन परत बाहेर काढत नाही, हे आर्किटेक्टला ठामपणे सांगा.

४. छतावर किती जाडी घ्यायची?

१५० मिमीच्या उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू साधारण ३.३ येते. त्यावर ०.०३ के-व्हॅल्यूचा एक्सपीएस टाकला तर यू असा उतरतो: २५ मिमीला ०.८८, ५० मिमीला ०.५१, ७५ मिमीला ०.३६, १०० मिमीला ०.२८.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत (घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली) छताच्या यू-व्हॅल्यूला कमाल १.२ ची मर्यादा आहे. २५ मिमीतच ती अट पूर्ण होते, म्हणून बरेच बिल्डर तिथेच थांबतात. पॅसिव्ह हाऊसच्या दिशेने जायचं असेल तर ७५ ते १०० मिमी धरा. फक्त घर सुसह्य करायचं असेल तर ५० मिमी हा पैशाच्या हिशोबात सर्वांत शहाणा पर्याय आहे. शंभरच्या पुढे आपल्या हवेत फारसं हाती लागत नाही. जर्मनीत हिवाळ्यात आत-बाहेर तीस अंशांचा फरक असतो म्हणून तिथे २५०-३०० मिमी लागतं.

फरक किती पडतो ते पहा. दुपारी गच्ची ६० अंशांवर आणि खोली २६ वर असेल, तर १०० चौरस फुटांच्या बेडरूमच्या छतातून सुमारे १,००० वॉट उष्णता उतरते. ५० मिमी एक्सपीएस टाकल्यावर ती साधारण १६० वॉटवर येते.

५. थर्माकोल, एक्सपीएस, पीयूएफ, रॉकवूल, ग्लासवूल: कुठे काय वापरायचं?

गच्चीवर, म्हणजे जिथे पाणी आणि पायांचा भार दोन्ही आहेत, तिथे एक्सपीएस. घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर आणि दाबसहनशक्ती २५० किलोपास्कल किंवा जास्त. याच्या पेशी बंद असतात, त्यामुळे पाणी जवळजवळ शोषलं जात नाही.

ईपीएस म्हणजे आपला थर्माकोल. स्वस्त आहे, पण दाण्यांच्या फटीत पाणी हळूहळू मुरतं. भिंतीला बाहेरून, वर जाळी आणि प्लास्टर करून चालतो. गच्चीत वॉटरप्रूफिंगच्या वर मात्र नको. पॅकिंगचा थर्माकोल आणि आयएस ४६७१ मध्ये बसणारा, आग लवकर न पकडणारा ग्रेड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भिंतीसाठी घनता निदान २० घ्या.

पीयूएफ कमी जाडीत जास्त काम करतो. जिथे उंची कमी आहे, पाइपांची गर्दी आहे, तिथे स्प्रे सोयीचा. पण तो उन्हात उघडा राहिला तर काही महिन्यांत पिवळा पडून भुगा होतो. ओल्या स्लॅबवर मारला तर फोड येऊन सुटतो.

रॉकवूल जळत नाही आणि आवाजही अडवतो, म्हणून इमारतीच्या दर्शनी भागात तेच (प्रश्न १३ पहा). भिजलं की मात्र निकामी होतं. ग्लासवूलही तसंच, फक्त वजनाला हलकं. घोडबंदर रोडसारख्या रहदारीच्या रस्त्यालगत घर असेल तर रॉकवूलचा आवाज अडवण्याचा फायदा वेगळा मोजा.

६. गच्चीवर थर कसे लावायचे? वॉटरप्रूफिंगच्या वर की खाली?

आपल्या पावसात इन्सुलेशन वॉटरप्रूफिंगच्या वर. वॉटरप्रूफिंग खाली सावलीत राहिलं की उन्हाने तडकत नाही आणि त्याचं आयुष्य वाढतं. क्रम असा:

स्लॅबवर किमान १:१०० उतार द्या आणि कठड्याच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारून घ्या. वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर ३०० मिमी वर चढवा आणि पावसाच्या पाइपच्या तोंडात आतपर्यंत उतरवा. मग ७२ तास पाणी भरून ठेवा. ही चाचणी कंत्राटदार टाळू पाहतो. टाळू देऊ नका, कारण यानंतर गळती सापडली तर वरचं सगळं उखडावं लागेल.

स्लॅब कोरडा झाल्यावर खाच असलेल्या कडांचे एक्सपीएस बोर्ड घट्ट बसवा आणि विटांसारखे सांधे चुकवा. दोन थर असतील तर वरचे सांधे खालच्यावर येऊ नयेत. त्यावर १२० ते १५० जीएसएमचं जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), १५० मिमी ओव्हरलॅप देऊन. शेवटी ५० मिमीचं जाळी घातलेलं काँक्रीट, ३ बाय ३ मीटरच्या चौकटीत, मधल्या सांध्यांत सीलंट. वर पांढरा चायना मोझॅक केलात तर ऊन परतवण्याचं कामही होतं.

१,००० चौरस फुटांसाठी हिशोब: १२५० बाय ६०० मिमीचा एक बोर्ड ०.७५ चौरस मीटर भरतो. ९३ चौरस मीटरला १२४ बोर्ड, कापाकापी धरून १३० मागवा.

बिघडतं ते इथे:
- बोर्ड आज टाकले आणि काँक्रीट पुढच्या आठवड्यावर ढकललं. मध्ये वळवाचा पाऊस आला, पाइप तुंबला आणि बोर्ड तरंगले. टाकाल तेवढ्यावर त्याच दिवशी वजन चढवा.
- सॉल्व्हंटचा गोंद किंवा गॅसच्या बर्नरने चिकटवायचं डांबरी फेल्ट. दोन्हींनी एक्सपीएस वितळतो. पाण्यावर आधारलेला गोंद, तोही ठिपक्याठिपक्याने.
- काळ्या पडद्याखाली किंवा थेट मेच्या उन्हात थप्पी लावून ठेवलेले बोर्ड. एक्सपीएस साधारण ७५ अंशांच्या पुढे वाकडा होतो.
- टाकीचे, सोलर गीझरचे, पॅनेलचे पाय नंतर बोर्डावर उभे करणं. त्यांचे चौथरे आधीच स्लॅबवरून उठवा आणि वॉटरप्रूफिंग त्यांच्यावर चढवा.

ऑक्टोबर ते मे हाच या कामाचा हंगाम. मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची उघडी असेल तर ते काम नोव्हेंबरवर न्या.

७. आमच्या गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा आहे. तेच इन्सुलेशन नाही का?

फारसं नाही. १०० मिमी कोब्याने यू-व्हॅल्यू ३.३ वरून जेमतेम २.३ च्या आसपास येते. वर तो पाणी धरून ठेवतो आणि दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार टाकतो. शक्य असेल तर कोबा काढून प्रश्न ६ मधली रचना करा. एक्सपीएसचं वजन नगण्य आणि ५० मिमी काँक्रीट साधारण १२० किलो, म्हणजे स्लॅबवरचा भार उलट घटतो. कोबा तसाच ठेवून वर आणखी काँक्रीट चढवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय नको. १९८०-९० च्या काळातल्या वाशी-नेरूळच्या रो-हाऊसना तर नाहीच.

८. भिंती एएसी ब्लॉकच्या आहेत. आणखी काही हवं का?

२३० मिमी विटेची प्लास्टर केलेली भिंत साधारण २.० यू देते, २०० मिमी एएसीची ०.७५. फरक मोठा आहे, पण ब्रोशरमधला आकडा खांब-बीम मोजत नाही. भिंतीचा पाचवा हिस्सा आरसीसी असेल (त्याचा यू २.७), तर सरासरी १.१ च्या पुढे जाते आणि जवळजवळ निम्मी उष्णता त्या पाचव्या हिश्श्यातूनच येते. म्हणून पैसे घालायचे तर बाहेरून, खांब-बीम झाकत. ५० मिमी ईपीएसने एएसीचा भाग ०.३७ वर येतो आणि आरसीसीचाही ०.६ पर्यंत उतरतो. छज्जे आणि बाल्कनीचे स्लॅब तसेच उघडे राहतात. आपल्या तापमानात तो तोटा सोसण्यासारखा आहे, त्यासाठी उष्णतेची वाट तोडणारे जर्मन पद्धतीचे महागडे जोड घेऊ नका.

एएसीत आणखी दोन गोष्टी. सांधे ३ मिमीच्या ब्लॉक ॲडेसिव्हने भरा, १२ मिमी सिमेंट-वाळूने नव्हे. आरसीसी आणि ब्लॉक जुळतात तिथे प्लास्टरखाली जाळी घाला, नाहीतर पहिल्याच पावसात उभी चीर आणि तिच्यातून ओल.

९. व्हेपर बॅरियर (वाफ अडवणारा थर) आत लावायचा की बाहेर? यूट्यूबवर सगळे आत सांगतात.

ते थंड देशातले आहेत. तिथे घरातली उबदार दमट हवा बाहेरच्या थंडीकडे जाते, म्हणून अडथळा आतल्या बाजूला असतो. आपल्याकडे प्रवास उलटा होतो. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) २६ च्या थोडा वर असतो. आत एसी २४ वर आहे. म्हणजे बाहेरची हवा भिंतीतून झिरपत आतल्या थंड पृष्ठभागाशी आली की तिचं पाणी होतं. तिथे तुम्ही प्लास्टिक लावलेलं असेल तर ते पाणी प्लास्टिकच्या मागे अडकतं आणि दोन पावसाळ्यांत बुरशी.

नियम असा: वाफ अडवणारा थर बाहेरच्या बाजूला, आणि आतली बाजू श्वास घेणारी. आत साधा ॲक्रिलिक इमल्शन चालतो. व्हिनाइल वॉलपेपर, ऑइल पेंट, बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं लॅमिनेटचं पॅनेलिंग किंवा मागे फट न ठेवता ठोकलेलं कपाट, हे सगळे नकळत लावलेले व्हेपर बॅरियरच आहेत. बाहेरच्या भिंतीवरच्या कपाटामागे निदान २५ मिमी मोकळं ठेवा.

ईपीएस किंवा एक्सपीएस बाहेरून लावला तर तो स्वतःच वाफ बऱ्यापैकी अडवतो, वेगळा पडदा लागत नाही. रॉकवूल वाफ अजिबात अडवत नाही. ते लावणार असाल तर वाफ अडवणारा पडदा (मेम्ब्रेन) भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, तिच्यावर रॉकवूल, मग २५ ते ४० मिमी पोकळी आणि खाली पाणी निथळायला भोकं.

१०. आम्ही एसी लावतच नाही. तरी इन्सुलेशनचा उपयोग होतो?

छताचा नक्की होतो. संध्याकाळी सातनंतर पंख्याखाली जो गरम झोत अंगावर येतो, तो तापलेल्या स्लॅबचा असतो. भिंतींचं गणित मात्र वेगळं. एसी नसलेलं घर उघड्या खिडक्यांवर जगतं आणि आत-बाहेर तापमान जवळजवळ सारखंच असतं. अशा घरात भिंतींना १०० मिमी इन्सुलेशन लावून खिडक्या लहान केल्या, तर माणसांची, फ्रिजची, गॅसची उष्णता रात्रभर आतच कोंडते. इको निवास संहिता दमट-उष्ण भागात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के सांगते. आधी ते आणि समोरासमोर खिडक्या साधा.

११. वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, पण सोसायटी गच्चीवर काम करू देत नाही. आतून करता येईल का?

गच्ची सोसायटीच्या सामाईक मालकीची आहे, तेव्हा परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. तरी पुढच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी ५० मिमी एक्सपीएस घालायचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडून ठेवा. खर्चातला तुमचा वाटा देऊ केलात तर तो बहुधा पुढे सरकतो.

आतून करायचं तर जिप्सम फॉल्स सीलिंगवर ४८ घनतेचं ५० मिमी रॉकवूल, स्लॅबला भिडवून पिनांनी टांगलेलं. नुसतं सीलिंगच्या पाठीवर अंथरू नका, फटी राहतात. तीन अटी आहेत: स्लॅबला आधीपासून गळती नको (झाकल्यावर ती वर्षभर दिसणार नाही), खालच्या बाजूला प्लास्टिक नको, आणि सीलिंगमधल्या पोकळीला बाहेरची हवा मिळणारं एकही भोक नको. एसीच्या पाइपचं भोक हे नेहमीचं चोर. तिथून दमट हवा शिरते, थंड जिप्समच्या वरच्या बाजूला पाणी धरतं आणि कोपऱ्यात पिवळे डाग पडतात. लोक त्याला गच्चीची गळती समजून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. सीलिंगमधल्या तांब्याच्या पाइपांनाही नायट्राइल रबराचं आवरण सलग हवं, वळणांवरसुद्धा.

१२. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, शिवाय हीट-प्रूफ पेंट आणि बबल फॉइलवालेही येतात. यातलं खरं काय?

तिन्हींचा उपयोग आहे, पण तिन्ही ऊन परतवतात किंवा अडवतात. इन्सुलेशनची जागा घेत नाहीत.

बाजूंनी उघडी शेड स्लॅबवर सावली धरते आणि वाऱ्याने पत्र्याची गरमी निघून जाते. चांगला उपाय आहे, महापालिकेच्या परवानगीसह. पण शेड चारही बाजूंनी बंद करून खोली केलीत तर भट्टी होते.

पांढरा परावर्तक पेंट नवा असताना छान चालतो. आपल्याकडे एका पावसाळ्यात शेवाळं धरून काळवंडतो. दर वर्षी नोव्हेंबरात धुणं आणि दोन-तीन वर्षांनी नवा हात, एवढं गृहीत धरा. पाव मिलिमीटरच्या रंगाला 'शंभर मिमी इन्सुलेशन इतका' म्हणणाऱ्याला दारातूनच निरोप द्या.

बबल फॉइलची चमकती बाजू मोकळ्या हवेकडे असेल, समोर निदान २०-२५ मिमी पोकळी असेल, तरच ती काम करते. पत्र्याच्या खाली उत्तम. दोन थरांत चेपून लावलेली फॉइल म्हणजे काही मिलिमीटर प्लास्टिक.

१३. आगीचं काय?

ईपीएस, एक्सपीएस, पीयूएफ, पीआयआर हे सगळे जळतात. आग-रोधक ग्रेड पेट घ्यायला वेळ लावतो, एवढंच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. तिथे दर्शनी भागात पॉलिथिन भरलेली ॲल्युमिनियमची पॅनेलं आणि मागे बहुतांश पीआयआर होतं.

गच्चीत काँक्रीटखाली एक्सपीएस सुरक्षित आहे. दोन मजली बंगल्यावर बाहेरून ईपीएस चालतो, पण खिडक्यांच्या डोक्यावर आणि प्रत्येक मजल्याला २०० मिमी रॉकवूलचा पट्टा द्या. उंच इमारतीच्या दर्शनी भागात फक्त रॉकवूल. आतल्या बाजूला उघडा फोम कुठेच नको, स्टोअररूममध्येसुद्धा.

१४. वाळवी आणि उंदीर लागतात का?

फोम त्यांचं अन्न नाही, पण दोघेही त्यात बोगदे करतात. बाहेरचं इन्सुलेशन जमिनीपासून २०० मिमी वर थांबवा आणि खालची कड धातूच्या पट्टीने व बारीक जाळीने बंद करा.

१५. तळमजल्याच्या फरशीखाली इन्सुलेशन हवं का?

नको. आपल्याकडे खोल जमिनीचं तापमान वर्षभर २७ अंशांच्या आसपास असतं. ती उन्हाळ्यात थोडी उष्णता घेते, ती घेऊ द्या. फरशीखाली ओल अडवणारी जाड प्लास्टिक शीट मात्र हवीच. अपवाद: खाली स्टिल्ट पार्किंग आणि वर एसीची बेडरूम असेल तर त्या स्लॅबच्या खालून ५० मिमी रॉकवूल लावा.

जूनमध्ये फरशीला घाम येतो तो बहुतेक वेळा जमिनीतून येत नाही. थंड फरशीवर दमट हवेचं पाणी होतं. दुपारी खिडक्या बंद ठेवून पंखा लावा.

१६. घर इतकं हवाबंद केलं तर गुदमरणार नाही का? आणि फोडणीचा धूर?

पॅसिव्ह हाऊसमध्ये ताजी हवा यंत्राने येते, माणशी तासाला साधारण ३० घनमीटर. चौघांना १२०. ते यंत्र बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेत उष्णतेची अदलाबदल करतं. आपल्याकडे ते ओलावाही अदलाबदल करणारं, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, हवं. फक्त उष्णता अदलाबदल करणारं यंत्र जुलैची सगळी वाफ आत आणून सोडेल.

स्वयंपाकघर हा खरा पेच आहे. चिमणी तासाला हजार घनमीटर हवा ओढू शकते. तेवढी आत यायला वाट नसेल तर ती बाथरूमच्या ट्रॅपमधून वास ओढते. म्हणून चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि हॉलकडचं दार बंद. पाइप गॅस असलेल्या खोलीची हवा कायम खेळती पाहिजे, ती जागा हवाबंद भागातून वेगळी काढा. गॅस गीझर हवाबंद घरात अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांनी हवागळतीचा ०.६ चा आकडा (प्रश्न १) गाठता येत नाही. गॅस्केटच्या, बिजागरीच्या खिडक्या घ्या.

१७. इन्सुलेशननंतर एसी किती टनाचा घ्यायचा?

पूर्वीपेक्षा लहान. 'असू दे थोडा मोठा' हे इथे अंगाशी येतं: मोठा एसी खोली दहा मिनिटांत थंड करून थांबतो, ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली गार पण चिकट राहते. इन्व्हर्टर घ्या आणि पावसाळ्यात ड्राय मोड वापरा. इन्सुलेशन उन्हाची उष्णता कमी करतं. हवेतली वाफ कमी होते ती फटी बुजवल्याने (प्रश्न १६).

१८. साइटवर आलेला माल बिलातल्यासारखाच आहे हे कसं ओळखायचं?

वजन करून. १२५० बाय ६०० बाय ५० मिमीचा ३२ घनतेचा एक्सपीएस बोर्ड १.२ किलो भरला पाहिजे. १००० बाय ५०० बाय ५० मिमी, २० घनतेचा ईपीएस अर्धा किलो. १००० बाय ६०० बाय ५० मिमी, ४८ घनतेचं रॉकवूल १.४४ किलो. गठ्ठ्यातून कुठलेही पाच काढा आणि घरच्या डिजिटल काट्यावर ठेवा. दहा टक्क्यांहून जास्त कमी भरले तर टेम्पो परत पाठवा. जाडीही कडेला आणि मधोमध मोजा, ५० सांगून ४५ देणं सर्रास चालतं. बिलावर घनता, जाडी आणि आयएस क्रमांक लिहून घ्या: ईपीएसला ४६७१, रॉकवूल-ग्लासवूलला ८१८३, पीयूएफ-पीआयआर स्लॅबना १२४३६, एएसी ब्लॉकला २१८५ भाग ३.